पाठवणाऱ्याचा पत्ता

घर हलवायचं तर या शनिवारीच, हे लिउकाय बेटावर सगळ्यांना माहीत होतं. मार्चातली मोठी भरती ओर्फेलिनाकाकूच्या कड्याखालच्या वाळूवर इतकी वर चढते, की तिथवर ओढून आणलेलं लाकडी घर अलगद उचललं जातं आणि तरंगतं. ती भरती चुकली की पुढे हिवाळाच, आमच्याकडे दक्षिणेत तो जूनमध्ये येतो. आणि गेल्या हिवाळ्यात तिच्या कड्याने कोंबड्यांचं खुराडं, सफरचंदाची दोन झाडं आणि सगळं कुंपण गिळलं होतं. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांड्यातलं पाणी फेकलं तर ते थेट समुद्रात जायचं. या हिवाळ्यात घर जाणार, आणि बाई हट्टाने आत बसून राहणार, याची मला खात्री होती.

मी नेल्दा. बेटावरच्या दवाखान्याची परिचारिका. डॉक्टर होडीने येतो तेव्हा येतो, बाकी मीच. काकूचा रक्तदाब बघायला मी जायची तेव्हा ती मलाच म्हणायची, "माझं जाऊ दे, कडा किती खाली आला ते बघ."

खाडीच्या पलीकडे तिच्या भावाची जागा मोकळी पडली होती. घर तिथे न्यायचं ठरलं. आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे मिंगा. लोक आपापल्या बैलजोड्या, दोर, होड्या घेऊन येतात, घर ओढतात, आणि ज्याचं घर तो सगळ्यांना पोट फुटेस्तोवर जेवू घालतो. मजुरीचं नाव काढलंत तर मार खाल. पण एक गोष्ट लागतेच. घरधन्याने प्रत्येकाच्या दाराशी स्वतः जायचं आणि विनवायचं. न विनवता आलेला माणूस आगाऊ ठरतो, आणि ज्याला विनवलं नाही तो मरेपर्यंत ते विसरत नाही.

आता काकूचा खुबा असा, की कोंबडीमागे दोन पावलं टाकली की बसायची. बरं, दारोदार गेली तरी निम्मी पुरुषमाणसं घरात कुठे होती? ती दूरच्या खाड्यांत, समुद्रात सामन मासे पाळतात त्या पिंजऱ्यांवर, पाळीने कामाला. तिथे त्यांच्यापर्यंत पोचायचं तर ईमेल.

"फळ्यावरून बोलावू," माझा भाचा एलादियो म्हणाला.

फळा म्हणजे त्यानेच इंटरनेटवर उघडलेली लिउकायची जागा. कुणाची गाय हरवली, कोणती होडी कधी सुटणार, कुणाला मुलगी झाली, आणि फुटबॉलवरून आईबापांचा उद्धार, सगळं तिथे लिहिलं जायचं. सभासद सगळे बेटाचेच, पांगलेले. एलादियो स्वतः पुन्ता पार्दा नावाच्या सामन कंपनीत कॉम्प्युटरचं बघायचा आणि त्या आठवड्यात सुट्टीवर घरी होता. फळ्यावर काही लिहिलं की सगळ्यांना आपोआप ईमेल जावं अशी सोय त्याने केव्हाच केली होती. फक्त ते ईमेल जात नव्हतं. कितीतरी महिने जात नव्हतं, आणि गाय हरवल्याची बातमी गाय सापडल्यावर कळली तरी कुणाचं बिघडत नव्हतं, म्हणून कुणी बोंब मारली नव्हती.

बेटावर धड चालणारं इंटरनेट दोनच ठिकाणी, शाळेत आणि माझ्या दवाखान्यात. एलादियो माझ्या टेबलावर येऊन बसला, इंजेक्शनांचा ट्रे बाजूला सारला आणि फळ्याच्या आतल्या खोलीत शिरला. म्हणजे तिथे सभासदांना दिसत नाहीत असे रकाने असतात. पत्रं कोणत्या सर्व्हरने बाहेर न्यायची, कोणत्या पोर्टातून, कोणत्या नावाने आणि पासवर्डने, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणता टाकायचा.

"पत्रं आपली, मग टपाल कुणाचं हे का विचारतोय तो?" मी म्हणाले.

"मावशी, पूर्वी फळा स्वतःच पत्रं टाकायचा. भामट्यांनी तसल्या वाटेने इतका कचरा पाठवला, की इंटरनेटवरची जागा भाड्याने देणाऱ्यांनी ती वाट बंद केली. आता नाव-पासवर्ड देऊन त्यांच्या पोस्टमनकडे द्यावी लागतात."

"मग दे ना."

"पासवर्ड शाळेच्या जुन्या मास्तरांनी ठेवला होता."

मास्तर बदली होऊन उत्तरेला, वाळवंटात कुठेतरी गेले होते. एलादियोने भाडेवाल्यांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की तुमची तक्रार मिळाली. त्याने आठवतील तेवढे पासवर्ड घालून पाहिले. दर वेळी पडद्यावर तीच लाल ओळ, सर्व्हरशी जोडणी झाली नाही. मी एका पोराच्या गुडघ्याला टाके घालून परत आले तरी तीच लाल ओळ. दुपार उतरायला लागली. पिंजऱ्यांवरच्या माणसांनी सुट्टी मागायची, होडी धरायची, यायचं, तर निरोप त्याच दिवशी जायला हवा होता. काकू बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि दर थोड्या वेळाने आत डोकावायची.

"गेलं का रे?"

"जातंय, आजी."

"मगाचपासून जातंयच."

एलादियोचे कान लाल झाले. पोरगा हुशार आहे, पण हार मानायची वेळ आली की डोकं बाजूला ठेवतो, बापावर गेलाय. त्याने खुर्ची पुढे ओढली, रकान्यांतलं सगळं पुसलं आणि खाडखाड नवीन भरलं. पडद्यावर हिरवी ओळ आली. माझ्या पत्त्यावर चाचणीचं पत्र आलं सुद्धा. मी बघायच्या आत त्याने काकूचं बोलावणं सगळ्या सभासदांना सोडून दिलं.

"गेलं, आजी. सगळ्यांना एका दमात."

"देव तुझं भलं करो," काकू म्हणाली, आणि बटाटे किसायला घरी गेली. शंभर माणसांचं जेवण करायचं म्हणजे बाईला आधीपासून जुंपून घ्यावं लागतं.

कोणत्या टपालाने पाठवलं हे मी विचारलं नाही. मला वाटलं, पासवर्ड लागला.

दुसऱ्या दिवशी एकाचंही उत्तर नव्हतं. संध्याकाळपर्यंत नव्हतं. फळ्यावर कुणीतरी जाळी विकायला काढली होती, त्याला पाच उत्तरं होती, आणि काकूच्या मिंगेखाली एक नाही. पत्रं पोचली नसतील म्हणावं तर मला पोचलं होतं, माझ्या बहिणीला पोचलं होतं. दुकानात मीठ आणायला गेले तर बोलणं थांबलं. एमेलिना दुकानदारीण माझी शाळेतली मैत्रीण, तिने मीठ बांधून दिलं आणि तोंडातून शब्द नाही काढला.

नोल्बेर्तोकाका तिथेच होते, पिठाच्या पोत्यावर बसलेले. बेटावर घर पाण्यातून नेऊ शकेल अशी मोठी लाँच एकट्या त्यांची. बाकीच्या होड्या वासराएवढ्या. आजवर लिउकायमध्ये जितकी घरं समुद्रातून गेली ती त्यांच्या लाँचमागून गेली, आणि दोर कधी ताणायचा, कधी सोडायचा ते तेच ओरडून सांगायचे.

"शनिवारी येताय ना, काका?" मी सरळ विचारलं.

"कंपनीला विचार. तिच्याकडे क्रेन आहेत."

"कसली कंपनी?"

"मला तर ते पत्र आलं सुद्धा नाही. पण या सगळ्यांनी वाचून दाखवलं, अगदी पाकिटासकट." काका उठले. "ओर्फेलिनाला सांग, वाळू विकायची तर विकावी. ज्याची त्याची मर्जी. पण कंपनीच्या कामाला आमचे बैल फुकट का जुंपायला निघाली?"

मी दवाखान्यात पळत आले. माझ्याच ईमेलच्या डब्यातलं पत्र उघडलं, आणि या वेळी मजकुराच्या वर, पाकिटावर बघितलं. पाठवणारा, पुन्ता पार्दा सामन कंपनी.

यात काय बिघडलं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगते. काकूच्या कड्याखालची ती वाळू कंपनीला धक्का बांधायला हवी होती. कंपनीची माणसं दोन वर्षं तिच्या दाराशी फेऱ्या मारत होती. गोड बोलून झालं, धाक घालून झाला. काकूने शेवटच्या वेळी त्यांना आत घेतलं, चहा दिला, आणि म्हणाली की माझा नवरा याच वाळूवरून रोज होडी लोटायचा, तुमच्याकडे विकायला काही असेल तर बोला. ही गोष्ट बेटाने डोक्यावर घेतली होती. कंपनीच्या पिंजऱ्यांखाली आमचे शिंपले मेले, त्या राज्यात एक बाई तरी ताठ उभी होती. आणि आता त्याच बाईच्या मिंगेचं बोलावणं कंपनीच्या पत्त्यावरून आलं. लोकांनी काय समजायचं? विकली वाळू. आणि वर जागा रिकामी करून द्यायला शेजाऱ्यांचे बैल मागतेय.

एलादियो आला तेव्हा मी त्याला बसू दिलं नाही.

"कुणाच्या टपालाने पाठवलंस?"

त्याला लगेच कळलं. "कंपनीच्या सर्व्हरने. तो मला पाठ आहे. पाठवणारा म्हणून मी फळ्याचाच पत्ता टाकला होता, मावशी. पण तो सर्व्हर आपलंच नाव लावतो, दुसऱ्याच्या नावाचं काही बाहेर जाऊ देत नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि पाठवणारा कोण ते बघतंय कोण?"

"सगळं बेट बघतंय, गाढवा. इथे माणूस दारात आला की आधी कोण आलाय ते बघतात, मग काय म्हणतो ते ऐकतात."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची जरा सुद्धा दया आली नाही. त्या वेळी नाही आली.

काकूला सांगायला आम्ही दोघं गेलो. तिच्या स्वयंपाकघरात किसलेल्या बटाट्याची टोपली भरलेली होती, चुलीवर पाणी उकळत होतं. एलादियोने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काकूने हात पुसले.

"म्हणजे शेजाऱ्यांना वाटलं मी विकले गेले."

"हो, आजी."

"आणि एकानेही येऊन मला विचारलं नाही." घर जाण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "याच्यापेक्षा कड्यासकट खाली गेले असते तर बरं झालं असतं."

"मी फळ्यावर माफी लिहितो. परत सगळ्यांना पाठवतो, नीट पत्त्यावरून."

"सगळ्यांना नाही," काकू म्हणाली. "सगळ्यांना एका दमात हाक कोण मारतं माहितेय? शेळ्या वळणारा. मी दारोदार जाणार. पायांनी जमत नाही तर तुझ्या त्या फळ्याने जाणार, पण एकेका दाराशी. आणि पाकिटावर नाव माझं हवं. ओर्फेलिना ग्वेन्तेओ. ते जमतं का तुझ्या यंत्राला, तेवढं सांग."

"जमवतो."

आता खरी परीक्षा होती. वेळ हातातून चालला होता. सकाळ होताच एलादियोने वाळवंटातल्या मास्तरांचा फोन मिळवला. मास्तर वर्गात. मग भाडेवाल्यांच्या सान्तियागोमधल्या कचेरीत फोन लावला आणि तो कानाला धरून बसला. तिकडे संगीत वाजतंय, इकडे पोरगा पेन्सिल चावतोय. कुणीतरी बोललं, दुसऱ्याकडे दिलं, परत संगीत. फोन माझ्या दवाखान्याचा, एखाद्या बाईच्या पोटात दुखलं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. शेवटी एका मुलीला कीव आली. तिने फळ्याच्या नावाने नवा डबा उघडून दिला, नवा पासवर्ड सांगितला, कोणतं पोर्ट घालायचं ते सांगितलं.

एलादियोने एकेक रकाना भरला आणि भरताना मोठ्याने वाचला, जणू मी तपासणारच होते. सर्व्हर. पोर्ट. नाव. पासवर्ड. पाठवणाऱ्याच्या रकान्यात काकूचं नाव आणि फळ्याचा पत्ता. पत्र पोचलं नाही तर परत कुठे यावं, तिथे दवाखान्याचा पत्ता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कंपनीच्या सर्व्हरने पाठवलं तेव्हा न पोचलेली पत्रं तिकडे परत गेली असतील. आपल्याला कळलंही नाही. आता तुझ्याकडे येतील."

चाचणीचं पत्र टाकलं. लाल ओळ. त्याने पासवर्ड पुन्हा टाइप केला, सावकाश, एका बोटाने. हिरवी ओळ. पत्र माझ्या डब्यात आलं, पाठवणारी ओर्फेलिना ग्वेन्तेओ. पण आत फळ्याचा जो दुवा होता तो दाबला तर काहीच उघडेना. फळ्याला स्वतःचाच पत्ता चुकीचा सांगून ठेवलेला होता. तोही त्याने दुरुस्त केला. मग आम्ही काकूला बैलगाडीतून दवाखान्यात आणलं. ती माझ्या रुग्णांच्या खुर्चीत बसून सांगायला लागली आणि मी टाइप करायला.

पहिलं दार नोल्बेर्तोकाकांचं.

"लिही. नोल्बेर्तो, मी तुझ्या दाराशी आले आहे. कंपनीने मला पाठवलेलं नाही, मी वाळू विकलेली नाही, विकणार नाही. चूक टपालाची झाली. तुझ्या बापाचं घर पाण्यातून नेलं तेव्हा माझा नवरा छातीएवढ्या पाण्यात उभा होता, ते तुला आठवत असेल. नसेल आठवत तरी ये. मी विनवते."

मग दुसरं दार, तिसरं. कुणाला तिने त्याच्या आईच्या हातच्या पावाची आठवण दिली, कुणाला त्याने लहानपणी तिची सफरचंदं चोरली त्याची. एमेलिनाला लिहायला लावलं, "मिठाबरोबर दोन शब्द बांधून द्यायला काय झालं होतं?" माझी बोटं आखडली. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी विनवते. एकही दार तिने दुसऱ्या दाराशी जोडलं नाही. एलादियो मागे उभा राहून प्रत्येक पत्र निघाल्याचं बघत होता, आणि प्रत्येक वेळी "गेलं" म्हणत होता.

उत्तरं त्याच संध्याकाळी यायला लागली. येतो. बैल घेऊन येतो. मालकाशी भांडून सुट्टी घेतली. एमेलिनाने उत्तर लिहिलं नाही, ती पिठाचं पोतं घेऊन स्वतः काकूच्या घरी गेली आणि रडली. फक्त नोल्बेर्तोकाकांचं काही आलं नाही.

"म्हातारा फुगलाय," मी म्हणाले.

"त्याला पहिलं पत्र लिहिलंय," काकू म्हणाली. "आणखी काय करू, त्याच्या पायांवर लोळू? यायचं असेल तर येईल."

दोघंही एका मापाची.

शनिवार उजाडला तेव्हा काकूच्या अंगणात बैलांची गर्दी होती. ओहोटी होती तोवर घराखाली ओंडके घातले, दोर बांधले, आणि जोड्या ओढायला लागल्या. घर करकरलं, हललं, आणि कड्याच्या बाजूच्या उतारावरून धक्क्याधक्क्याने खाली वाळूवर आलं. आत चूल पेटलेलीच होती. धुरांड्यातून धूर निघत होता, काकूने विझवू दिली नाही. लोकांनी आरोळ्या ठोकल्या, कुणीतरी अकॉर्डियन काढलं. मग सगळे पाण्याकडे बघायला लागले, आणि खाडीच्या तोंडाकडे.

लाँच कुठेच दिसत नव्हती.

पाणी चढायला लागलं. एलादियोने घराभोवती रिकामी पिंपं बांधली. वासराएवढ्या होड्या रांगेत लावल्या, पण सगळ्यांना माहीत होतं की प्रवाहाने घर एकदा धरलं तर त्या होड्या घरामागून फरपटत खुल्या समुद्रात जातील. आणि दोर बांधून जागेवर अडवून ठेवलं तर ओहोटीबरोबर घर खडकांवर बसून मधोमध मोडेल. वर परत चढवायला आता वेळ उरला नव्हता. पाणी उंबऱ्याला लागलं. काकू दगडावर बसून होती, मांडीवर कोंबडी घेऊन.

"मी जाऊन त्या म्हाताऱ्याच्या पाया पडतो," एलादियो म्हणाला.

"तुझ्या विनवण्याला काय किंमत? घर तुझं आहे का?" कुणीतरी त्याला गप्प केलं. ते बरोबरच होतं.

तेवढ्यात दोराने एकाचा तळवा सोलून निघाला. मलमपट्टीचं सामान संपलं म्हणून मी दवाखान्यात धावले. कपाट उघडताना टेबलावरचा पडदा दिसला. नवीन पत्र होतं, कुणा माणसाचं नाही, सर्व्हरचं. दोन दिवस प्रयत्न केले, पत्र देता आलं नाही, डबा भरलेला आहे. खाली नाव. नोल्बेर्तो बार्रिया.

मला आधी अर्थच लागेना. मग एकदम लागला. पहिलं पत्रही त्यांना पोचलं नव्हतं, दुकानात ते स्वतःच म्हणाले होते. मी ऐकलं होतं आणि म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून सोडून दिलं होतं. आता बेटावर घराघरात काकूचं पत्र आलं, प्रत्येकाच्या नावाचं, आठवणी काढून लिहिलेलं. लोकांनी ती एकमेकांना वाचून दाखवली. आणि तिच्या नवऱ्याच्या सगळ्यात जुन्या मित्राला मात्र एक ओळ नाही. काकांनी काय समजायचं? सगळ्यांच्या दाराशी गेली, माझंच दार तेवढं वगळलं.

परत येऊन मी मलमपट्टी एकाच्या हातात कोंबली आणि काकूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"काकू, त्यांना पत्र पोचलंच नाही. दोन्ही वेळा नाही. त्यांना वाटतंय तू त्यांना बोलावलंच नाहीस."

काकूने कोंबडी खाली सोडली. "मला तिथे ने."

"खुबा..."

"खुबा माझा आहे. होडी आण."

एलादियोने तिला उचलून होडीत बसवलं. तो वल्ही मारत होता, मी पाणी उपसत होते, आणि काकू मागे वळून आपल्या घराकडे बघत होती. घराचा एक कोपरा उचलला जात होता. लोकांनी दोर धरून ठेवले होते, पण त्यांच्या कमरेला पाणी आलं होतं.

नोल्बेर्तोकाकांचं घर खाडीच्या तोंडाशी, खुंटांवर. त्यांची नात यास्ना धक्क्यावर उभी होती, आम्हाला बघून आत पळाली. लाँच धक्क्याला बांधलेली होती आणि तिचं इंजिन चालू होतं. जाड दोर नीट गुंडाळून मागे ठेवलेला. काका दारातल्या बाकावर बसले होते. अंगात तेलकट कोट, पायांत रबराचे बूट, डोक्यावर टोपी. ते उठले नाहीत.

एलादियोने काकूला बाकासमोर उभं केलं आणि धरून ठेवलं. तिने त्याचा हात झटकला आणि दाराच्या चौकटीला धरून एकटी उभी राहिली.

"नोल्बेर्तो, तुला पहिलं पत्र लिहिलं होतं. तुझ्या डब्यात जागा नव्हती."

"माझ्या डब्यात पत्रं आहेत," काका म्हणाले. "लोकांनी पाठवलेली. ती काय फेकून द्यायची?"

यास्ना दारातून म्हणाली, "आजोबा एकही पुसू देत नाहीत. जाहिराती सुद्धा."

"गप्प बस गं." काकांनी काकूकडे पाहिलं. "काय लिहिलं होतंस?"

"तुझ्या बापाचं घर नेलं तेव्हा माझा नवरा पाण्यात उभा होता, ते."

"छातीएवढ्या," काका म्हणाले.

"तेच लिहिलंय. मी वाळू विकलेली नाही. माझं घर पाण्यात उभं आहे आणि त्याला तुझ्याशिवाय कोणी नेऊ शकत नाही. मी तुझ्या दाराशी आले आहे, नोल्बेर्तो. मी विनवते."

तिचा आवाज शेवटी फुटला. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

काका उठले. गुडघे धरून, हळू. "सकाळपासून बूट घालून बसलोय," ते म्हणाले. "तांबडं फुटल्यापासून. इंजिन दोनदा गरम केलं. पाय सुजले माझे. आणि कोणी विचारायलाच येईना."

त्यांनी काकूला उचललं, जशी एखादी ओली जाळी उचलावी तशी, खांद्याशी घट्ट धरून, आणि लाँचमध्ये नेऊन ठेवलं. एलादियोला म्हणाले, "दोर सोड, कंपनी. येतंय का तेवढं?" एलादियोने सोडला. गाठ पहिल्या झटक्यात सुटली.

आम्ही पोचलो तेव्हा घर पूर्ण उचललं गेलं होतं, आणि पाण्यातली माणसं दोराबरोबर पुढे ओढली जात होती. काकांनी ओरडून एकेकाला जागा दाखवली. जाड दोर लागला, ताणला, लाँच कण्हली. काही क्षण कोण कोणाला नेतंय तेच कळेना. मग घराने हळूच तोंड वळवलं आणि मागून यायला लागलं, खिडक्यांसकट, पडद्यांसकट, धुरांड्यातल्या धुरासकट.

काकू लाँचच्या मागच्या फळीवर बसून आपल्याच घराकडे बघत होती. खाडीच्या मध्यावर आल्यावर ती एकदम म्हणाली, "स्वयंपाकघराचं दार नीट लागत नाहीये. ओढताना चौकट वाकडी झालेली दिसते."

काका पुढे बघतच म्हणाले, "उद्या येतो, ठोकून देतो."

थोडं अंतर गेलं. मग त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "बोलावलंस तर."